आठ नंबरची काठी

आठ दिवसांत काठ्या निवडून होतील, असं लवू धुरीने बायकोला छातीवर हात ठेवून सांगितलं होतं. समुद्रावर फ्लाय फिशिंग करायला माणसाला लागतं तरी काय? खाडीसाठी एक हलकी काठी, किनाऱ्यावरून टाकायला एक मधली आणि वारा सुटला तर एक भारी. तीन काठ्या, संपला विषय. लोक उगाच दहा-दहा जमवतात आणि माळ्यावर टाकून विसरून जातात. आपण विक्रोळीच्या कारखान्यात छत्तीस वर्षं टूलरूममध्ये काढली आहेत, वस्तू नुसती हातात घेतली तरी तिचा तोल आपल्याला कळतो, असंही तो म्हणाला. सुगंधा मेथी निवडत होती. तिने एवढंच विचारलं की त्या काठ्या राहणार कुठे. बोरीवलीच्या त्यांच्या वन बीएचकेत झाडू उभा करायचा तरी आधी जागा बघावी लागत होती.

हे खूळ डोक्यात घातलं गिल्बर्टने. गिल्बर्ट खाडीपलीकडच्या गोराई गावचा. कारखान्यात आठ वर्षं लवूच्या शेजारच्या लेथवर होता, मग बोटीवर लागला, आणि पंचवीस वर्षांनी घरी परतला तेव्हा त्याच्याबरोबर दोन बॅगा आणि सात काठ्या होत्या. लवू मूळचा देवगडचा. लहानपणी खडकावर बसून त्याने पुष्कळ गरवलं होतं; गळाला कोळंबी टोचायची, वर शिसं बांधायचं आणि भिरकावून द्यायचं. गिल्बर्टचा प्रकार वेगळाच होता. त्यात शिसं नाही की खरं आमिष नाही. वजन सगळं दोरीतच. ती जाड पिवळी दोरी काठीने हवेत मागे-पुढे खेळवायची, तिला बारीक तंगूस, म्हणजे नायलॉनचा धागा, जोडलेला असतो आणि तंगुसाच्या टोकाला खोटी कोळंबी. ही कोळंबी गिल्बर्ट घरीच व्हाइसच्या पकडीत धरून बनवायचा. गोराईच्या किनाऱ्यावर कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून त्याने लवूच्या डोळ्यांदेखत हातभर लांब रावस काढला, आणि त्या दिवसापासून लवूला दुसरं काही सुचेना.

गिल्बर्टने त्याला समजावून सांगितलं की काठ्यांना नंबर असतात. समुद्राच्या कामाला सहापासून बारापर्यंतच्या चालतात. नंबर मोठा तितकी काठी दमदार. दुकानात जाऊन भुलायचं नाही. त्याने आपल्यातल्या चार काठ्या, सहा, आठ, नऊ आणि दहा, लवूच्या हवाली केल्या, हातात खेळवून बघ आणि हव्या त्या ठरव म्हणाला. सोबत पत्र्याच्या चपट्या डबीत कोळंब्या दिल्या. दोन गोष्टी मात्र बजावल्या. सराव मोकळ्या मैदानात करायचा आणि टोकाला कोळंबी न बांधता लोकरीचा तुकडा बांधायचा.

पहिली गोष्ट लवू परतीच्या बोटीतच विसरला. दुसरी त्याला मुळात पटलीच नव्हती. खरं वजन टोकाला नसेल तर काठीची परीक्षा कशी होणार? पण माणूस टूलरूमचा. कोणाला लागायला नको म्हणून त्याने एकेक कोळंबी हातात घेऊन तिच्या गळाचं टोक कानशीने घासून बोथट केलं. एवढी काळजी घेतल्यावर आणखी काय घ्यायची?

मैदान म्हणून त्याने सोसायटीची गच्ची निवडली. निसर्गछाया सोसायटीला दोन विंगा, ए आणि बी, समोरासमोर. मध्ये कंपाउंड आणि त्यात छोटंसं मंदिर. गच्ची रहिवाशांना बंद होती. तशी नोटीस दारावर लावलेली होती आणि तिच्याखाली सही होती सेक्रेटरी ल. रा. धुरी यांची. किल्ली अर्थातच सेक्रेटरीकडे. त्यामुळे लवू पहाटे पावणेसहाला, बनियन-लुंगीवर, काठीची नळी काखेत मारून ए विंगच्या गच्चीवर गेला तेव्हा त्याने दार आतून लावून घेतलं.

सात मजल्यांवर हवा वेगळीच होती. पश्चिमेला खाजणातली तिवरं काळी दिसत होती आणि खाडीवर धुकं पसरलं होतं. पाण्याच्या टाकीतून मधूनच गुडगुड आवाज येत होता. लवूने सहा नंबरची काठी जोडली, खाडीकडे तोंड करून उभा राहिला आणि गिल्बर्टने दाखवल्याप्रमाणे हात मागे नेला, पुढे आणला. सुंय्... सुंय्... दोरी डोक्यावरून लांबत गेली. त्याला वाटलं, जमतंय. आणि तेवढ्यात मागून आवाज आला, फट्.

बरोबर त्याच वेळी दोरीला एक बारीकसा हिसका बसला. कोणीतरी चिमटीत धरून सोडून द्यावं तसा.

लवूने मान वळवली. मागे टाकी, कठडा आणि पलीकडे बी विंगच्या अंधाऱ्या खिडक्या. कोणी नव्हतं. त्याने दोरी ओढून घेतली तर टोकाची कोळंबी नाहीशी. तंगूस दातांनी तोडल्यासारखा.

गाठ सुटली असेल म्हणून त्याने दुसरी बांधली, अशी की ती सुटली तर त्याने नाव बदललं असतं. पाचव्या-सहाव्या फेरीला पुन्हा तेच. सुंय्, सुंय्, आणि मागून फट्. तिसरीही गेली. त्याने टाकीखाली वाकून पाहिलं, पाइपांच्या मधे पाहिलं, गच्ची पायाने चाचपून काढली. एकही कोळंबी सापडली नाही. उतरताना जिन्यात त्याच्या लक्षात आलं की पुढे दोरी जाते तेव्हा काही होत नाही. जे काही होतं ते आपल्या पाठीमागे.

त्याच सकाळी नऊच्या सुमारास ए विंगच्या चौथ्या मजल्यावर आरडाओरडा झाला. तिथे गंधाली नावाची सातव्या महिन्याची पोटुशी सून राहायची. तिच्या बाल्कनीच्या ग्रिलला काहीतरी अडकलेलं होतं. सासूने पाहिलं आणि ती मटकन खालीच बसली. सोसायटीच्या अध्यक्षा जयंतीताई धावत आल्या. त्यांनी ती वस्तू चिमट्याने उचलली, दोन लिंबांसकट पिशवीत घातली आणि वॉचमनकरवी खाडीत सोडायला पाठवून दिली. लवू सेक्रेटरी या नात्याने पोचला तेव्हा बघायला फक्त गोमूत्र शिंपडलेली फरशी उरली होती.

वस्तूचं वर्णन त्याला जयंतीताईंनी ऐकवलं. बाईचे केस होते, त्यात काळ्या कोंबडीची पिसं, लाल दोऱ्याने करकचून आवळलेली. आत लोखंड. आणि दोन डोळे. ते बघत होते, असं त्या म्हणाल्या.

लहानपणी वाडीतल्या एका घराच्या उंबऱ्याखाली असंच काहीतरी सापडलं होतं, आणि पुढे कित्येक महिने त्या घरात कोणी मोठ्याने बोललं नव्हतं, हे लवूला आठवलं. आपल्या डबीतल्या कोळंब्या मात्र आठवल्या नाहीत. त्यांच्याकडे त्याने पहिल्या दिवसापासून कोळंबी म्हणूनच पाहिलं होतं. आणि करणीचं वर्णन ऐकताना कोळंबी आठवेल असा माणूस देवगडात तरी जन्मलेला नाही. गंधालीला संध्याकाळी मुलुंडला माहेरी पोचवलं.

दुसऱ्या दिवशी लवूने आठ नंबरची काठी घेतली. ती हातात बसली, पण हिसके जास्तच जोरात बसायला लागले. दोन कोळंब्या गेल्या. त्या दिवशी बी विंगमध्ये तिसऱ्या मजल्यावरच्या तुळशीत एक वस्तू निघाली आणि सहाव्या मजल्यावर वाळत टाकलेल्या परकराला एक चिकटलेली होती. मग दोन दिवस नऊ नंबर झाली, आणि एक वस्तू थेट कंपाउंडमधल्या मंदिराच्या पायरीवर पडलेली मिळाली. प्रत्येक वस्तू जयंतीताईंच्या चिमट्यातून खाडीत जात होती आणि सोसायटीच्या व्हॉट्सॲपवर वाढत होती. बोटभर केस वीतभर झाले. डोळे लुकलुकायला लागले. पाचव्या दिवशी कोणीतरी लिहिलं की तिला दात होते.

शिवाय लोकांना आता पहाटेचे आवाज ऐकू यायला लागले होते. गच्चीवर कोणीतरी हवेत झाडू मारतं आणि मधेच एक टाळी वाजवतं, असं ए विंगच्या सातव्या मजल्यावरून कळलं. शेजारच्या बिल्डिंगमधल्या एका म्हाताऱ्याने तर धुक्यात पांढरी आकृती पाहिली होती; ती एकच हात वर करत होती, पुन्हा पुन्हा, कोणाला तरी बोलावल्यासारखा.

ती आकृती आपली आहे हे लवूला ठाऊक होतं. झाडूचा आवाजही आपलाच. गच्चीबंदीच्या नोटिशीवर आपली सही आहे म्हणून तो गप्प बसला. पण त्या रात्री त्याला झोप आली नाही. आवाज आपला हे ठीक, पण वस्तू कोणाच्या? गच्चीवर पहाटे आपण असतो, आणि आपल्या मागे उभं राहून कोळंबी तोडून घेणारं काहीतरी असतं. घरांमध्ये त्या वस्तू टाकणारं तेच असलं पाहिजे. लवूने हा विचार सगळ्या बाजूंनी तपासला आणि त्याला त्यात कुठेही फट सापडली नाही.

तरी तो वर जात राहिला. आठ दिवसांत काठ्या निवडतो असं बोलून बसला होता, आणि आपल्याला अजून सहा आणि नऊमधला फरकही सांगता येत नाही हे गिल्बर्टला कळवायची त्याला लाज वाटत होती. शिवाय जाणं बंद केलं तर त्याला कळेल की आपण घाबरलो, असंही त्याला वाटायला लागलं होतं. त्याला म्हणजे कोणाला, हे तो मनातसुद्धा उच्चारत नव्हता.

सातव्या दिवशी त्याने सोबत नारळ नेला. टाकीपाशी तो ठेवून, हात जोडून त्याने हळू आवाजात गाऱ्हाणं घातलं. "बा राखणदारा, मी लवू धुरी, देवगडचो. तुझ्या जागेत इचारल्याशिवाय काठी फिरवलंय, चुकलंय. पोटात घाल. तुका कोळंबी होयी तर खा, माझी ना नाय. पण मागसून येव नको. काय आसात ता फुडसून ये."

मग त्याने दहा नंबरची काठी जोडली. भारी काठी हातात असली की धीर येतो. त्याने पुष्कळ दोरी सोडली, जोर लावून हात मागे नेला आणि पुढे ओढला. त्या सकाळचा फट् असा होता की समोरच्या भिंतीवरून तो परत आला. दंड खांद्यातून निखळतोय असा हिसका बसला. लवूने नारळ तिथेच टाकला, काठी न सोडवता तशीच नऊ फुटी घेतली आणि सात मजल्यांवरून दुसऱ्यापर्यंत अनवाणी धावत आला. प्रत्येक वळणावर काठीचं टोक भिंतीवर आपटत होतं.

सुगंधाने दार उघडलं. "खंय गेल्लात?" तिने विचारलं.

"टाकी बघूक," लवू म्हणाला.

तिने काठीकडे पाहिलं, त्याच्या पायांकडे पाहिलं आणि आत जाऊन चहा टाकला.

बी विंगच्या सहाशे दोनमध्ये संघमित्रा नावाची चाळिशीची बाई भाड्याने राहायची, एकटीच. गोरेगावच्या स्टुडिओत कलाकारांना लागणारे केसांचे टोप ती बनवायची. तिच्या घरी केसांनी भरलेल्या पिशव्या येतात हे सगळ्यांना माहीत होतं. केसाला केस जोडायला तरी लोकांना आठवडा लागला; ते काम जयंतीताईंनी केलं. ती राहायला आली त्याच दिवशी तिचं आडनाव विचारून झालं होतं. आता बाकीचं विचारणं सुरू झालं. ती लिफ्टमध्ये शिरली की आतले बाहेर पडायला लागले. इस्त्रीवाल्याला सांगून तिचे कपडे बंद करवले. तिच्या दारावर कोणीतरी लिंबू-मिरची बांधून गेलं, तिच्यापासून इतरांना वाचवायला. अखेर कमिटीने ठरवलं की तिच्या घरमालकाला पत्र लिहायचं आणि महिनाअखेर जागा रिकामी करून मागायची.

पत्र लिहायचं काम सेक्रेटरीचं. लवूने ते लिहिलं. लिहिताना त्याला मधेच आठवलं की याच बाईने एकदा सुगंधाच्या हातातल्या जड पिशव्या पाहून लिफ्ट धरून ठेवली होती. पेन थांबलं. पण मग डोळ्यांसमोर ती पहाटेची गच्ची आली. करणी या बाईची असेल तर बरंच आहे, असं त्याला मनाच्या तळातून वाटलं. कारण तिची नसेल, तर आपल्या पाठीमागे उभं राहतं ते कोण? त्याने पत्र पुरं केलं आणि सही केली.

रविवारी संध्याकाळी पाच वाजता खालच्या पार्किंगमध्ये सभा भरली. चाळीसेक माणसं, प्लास्टिकच्या खुर्च्या. संघमित्राला बोलावलं होतं. ती आली, बसली नाही. तिच्या हातात स्टीलचा छोटा डबा होता. ती म्हणाली की चार दिवसांपूर्वी यातली एक वस्तू आपल्याही बाल्कनीत पडली. सांगून कोणी विश्वास ठेवला नसता, म्हणून ठेवून दिली. आणि तिने झाकण काढलं.

पुढच्या दोन रांगांनी खुर्च्या मागे ओढल्या. लवू टेबलापाशी होता, त्याला मागे सरायला जागाच नव्हती. म्हणून एवढ्या दिवसांत पहिल्यांदा ती वस्तू त्याने डोळ्यांनी पाहिली.

"हे माणसाचे केस नाहीत," संघमित्रा म्हणाली. "बकऱ्याच्या शेपटीचे आहेत. माझा रोजचा धंदा आहे केसांचा. मला पहिल्या दिवशी विचारलं असतं तर पहिल्या दिवशी सांगितलं असतं. पिसं साध्या कोंबडीची, दोरा शिवणाचा, वरून नेलपॉलिश लावलंय. डोळे बाहुलीचे. आत मासे पकडायचा गळ आहे. आणि त्याचं टोक कोणीतरी कानशीने घासलंय, कोणाला लागू नये म्हणून. करणी करणारा माणूस एवढी काळजी घेतो का?"

लवू त्या टोकाकडे बघत राहिला. कानशीचा तिरका हात त्याने ओळखला. छत्तीस वर्षं तो तसाच चालला होता. वर काय होतं, मागे कोण होतं, ते सगळं एका क्षणात त्याच्या डोक्यात उलगडलं आणि त्याला एवढं हलकं वाटलं की हसू फुटेल की काय अशी भीती वाटली. मग खिशातलं पत्र हाताला लागलं आणि हसू कुठल्या कुठे गेलं.

जयंतीताई म्हणाल्या की घरात केसांची पोती ठेवणाऱ्याला हे सगळं ठाऊक असणारच, त्यात नवल काय. "सेक्रेटरी, पत्र वाचा."

लवू उभा राहिला. पत्र उघडलं. चाळीस माणसं त्याच्याकडे बघत होती. गप्प बसणं सोपं होतं. दोन ओळी वाचायच्या, महिनाअखेर बाई जाईल, काठ्या गोराईला परत जातील, आणि निसर्गछायेत पुन्हा कधी काही पडणार नाही. त्याने घसा खाकरला.

"ही कोळंबी माझी आहे," तो म्हणाला.

लवूने सगळं सांगितलं: काठ्या, गच्ची, पहाट, गिल्बर्ट. जितकं सांगत गेला तितके लोकांचे चेहरे आणखी काळजीत पडले. शेवटी जयंतीताई उठल्या, त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि इतक्या मायेने बोलल्या की लवूला रडू यायचं बाकी राहिलं. "धुरी, तुम्ही बसा हं. शांत बसा." मग लोकांकडे वळून म्हणाल्या, "बघितलंत? आता सेक्रेटरींनाच धरलं."

सुगंधा उठून म्हणाली की हे रोज पहाटे गच्चीवर जातात, अनवाणी धावत येतात, आपण स्वतः बघितलंय. त्याने तर उरलीसुरली शंकाही फिटली. कोणीतरी लवूला पाणी दिलं आणि ते पिऊन झाल्यावर त्याचा ग्लास दुसऱ्यांच्या ग्लासांपासून लांब ठेवला.

तेव्हा लवूने फोन काढला, गिल्बर्टला लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा ठेवला. गिल्बर्टने ऐकून घेतलं आणि मग बराच वेळ हसत राहिला. "अरे बाबा, मागची दोरी पुरती सरळ व्हायच्या आधीच तू पुढे ओढतोस," तो म्हणाला. "मग चाबूक फुटल्यासारखा आवाज होतो आणि कोळंबी तुटून मागच्या मागे उडते. सगळ्या नवशिक्यांचं होतं. मागे गेली की जरा थांब. एक श्वास घे. मग आण पुढे."

जयंतीताई म्हणाल्या की फोनवर कोणीही काहीही बोलेल. करून दाखवा.

अख्खी सभा गच्चीवर गेली. सूर्य गोराईच्या बाजूला टेकला होता आणि तिवरांवर तांबूस उजेड पडला होता. टाकीपाशी नारळ तसाच होता. तो बघून पुढचे दोघे थबकले. लवूने आठ नंबरची काठी जोडली, डबीतली कोळंबी सगळ्यांना दाखवून बांधली, हात मागे नेला आणि पुढे आणला.

दोरी मागे लांब गेली, सरळ झाली, वळली, आणि पुढे एखादी ओढणी हवेत सोडावी तशी उलगडत जाऊन कोळंबी गच्चीच्या टोकाला अलगद टेकली. आवाज नाही, हिसका नाही.

लवू गोंधळला. त्याने पुन्हा केलं. पुन्हा तसंच. गिल्बर्टचं ते एक श्वास थांबणं त्याच्या हातात उतरलं होतं आणि आता हात त्याचं ऐकत नव्हता. सात वेळा केलं, आठ वेळा केलं. मुद्दाम घाई करायला गेला की मनगट आपोआप थांबत होतं. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला काठी कळत होती, काठीतून दोरीचं वजन खांद्यापर्यंत येत होतं, आणि प्रत्येक सुंदर फेकीबरोबर तो अधिकाधिक खोटा ठरत होता.

"कुठे तुटतंय?" कोणीतरी विचारलं. मागच्या बाजूला कोणी हळूहळू रामरक्षा म्हणायला लागलं होतं.

संघमित्रा दाराच्या चौकटीपाशी एकटी उभी होती. तिने त्याला खूण केली नाही, विनवलं नाही. शेवटची बस येणार की नाही ते बघत उभं राहावं तशी ती दोरीकडे बघत होती.

जयंतीताईंनी लोकांना सांगितलं की अंधार पडायच्या आत खाली चला, उद्या सकाळी मी स्वतः पत्र घेऊन घरमालकाकडे जाते. "द्या ते इकडे, धुरी."

दोरी तेव्हा लवूच्या मागे हवेत होती. तो नाही म्हणायला त्यांच्याकडे वळला आणि वळताना हात झटक्यात पुढे आला.

फट्.

आठवडाभर पहाटे ऐकलेला आवाज सगळ्यांनी ओळखला. रामरक्षा थांबली. चाळीस माणसं कठड्याकडे धावली. कोळंबी कंपाउंडवरून चालली होती, गिरक्या घेत, केस पसरून, बाहुलीच्या डोळ्यांवर तांबडा उजेड घेत. काय आहे हे माहीत असूनही पुढचे कठड्यापासून मागे सरले. ती बी विंगच्या दिशेने खाली गेली, पाचव्या मजल्यावरच्या एका बाल्कनीत शिरली, आणि दोरीवर वाळत घातलेल्या हिरव्या गाउनच्या खांद्यावर जाऊन बसली.

बाल्कनी जयंतीताईंची होती. गाउनही.

जयंतीताई वळल्या आणि जिन्याने खाली गेल्या. त्या रात्री बी विंगच्या पाचव्या मजल्यावर गोमूत्र शिंपडलं गेलं की नाही, हे कोणी विचारलं नाही.

पत्र लवूने तिथेच फाडलं. सेक्रेटरीपदाचा राजीनामा दिला, गच्चीची किल्ली परत केली आणि ग्रुपवर सगळ्यांची माफी मागितली. गंधाली मुलुंडहून परत आली. चार काठ्यांपैकी तीन लवू गोराईला देऊन आला आणि म्हणाला की मला आठ नंबरच पुरे. गिल्बर्ट म्हणाला की खाडीला आणि किनाऱ्याला तीच चालते, वाऱ्यातही निभावते, मी तुला हेच सांगणार होतो. मग सांगितलं का नाहीस, असं लवूने विचारलं. तू टूलरूमचा माणूस, तुला हातात घेतल्याशिवाय पटलं नसतं, असं गिल्बर्टचं म्हणणं पडलं.

संघमित्राकडे जायला मात्र लवूला चार दिवस धीर झाला नाही. पाचव्या दिवशी सुगंधाने घावणे आणि चटणी डब्यात भरून त्याला दाराबाहेर काढलं.

सहाशे दोनचं दार उघडलं. आतल्या खोलीत लाकडी डोक्यांवर अर्धवट झालेले टोप होते आणि भिंतीशी तीन खोकी बांधून ठेवलेली होती. लवूने खोक्यांकडे पाहिलं आणि पाठ केलेलं सगळं विसरला. चुकलं माझं, एवढंच कसंबसं म्हणाला. पत्रावर आपली सही होती हेही त्याने सांगितलं.

"माहीत आहे मला," ती म्हणाली. "सामान बांधायला घेतलं होतं मी. दोन रात्री दाराला आतून टेबल लावून झोपले." मग तिने डबा घेतला, त्याला बसायला स्टूल दिलं. आणि पुन्हा एका टोपात सुईने केस ओवायला लागली.

"तुम्ही सगळ्यांसमोर सांगितलंत, ते चांगलं केलंत," ती ओवता ओवता म्हणाली. "पण आता अजून कोणाला पटवत बसू नका."

लवूला कळेना.

"अर्ध्या लोकांना अजून पटलेलं नाही. आणि काका, मी दोन वर्षं इथे राहते. वरचे रोज माझ्या कपड्यांवर पायपुसणी झटकायचे, ते बंद झालंय. दारातला पेपर आता कोणी उचलत नाही. कमिटीवाले रात्री बेल मारून पाहुणे कोण आलेत ते विचारायचे, तेही येत नाहीत. थोडीशी भीती राहू दे." तिने दात लावून दोरा तोडला. "डबीत अजून असतील ना? एक द्या मला. मोठ्या डोळ्यांची."

लवूने दुसऱ्या दिवशी नेऊन दिली.

आठवड्याने तो घावण्यांचा डबा परत आणायला गेला. लिफ्टमधून सहाव्या मजल्यावर उतरला. दुपारची वेळ होती, मजल्यावर चिटपाखरू नव्हतं. लिंबू-मिरचीच्या जागी, दाराच्या वरच्या चौकटीला ती टांगलेली होती. केस खाली सुटलेले, लाल दोरा, दोन डोळे. वारा नव्हता तरी ती हळूच फिरली आणि लवूकडे तोंड करून थांबली.

ती कोणी बनवली हे त्याला माहीत होतं. शेपूट कुठल्या बकऱ्याचं, तेही गिल्बर्टने एकदा सांगितलं होतं. गळ त्याने स्वतःच्या हाताने घासला होता. लवूने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, कोणी बघत नाही याची खात्री केली. मग चपला काढल्या, हात जोडले, आणि त्यानंतरच बेल वाजवली.